तेच दोघं खेळायल्यात

आमच्या बेळगावात कशाबद्दलही बोलणं निघालं की ते कुणाचं, हा प्रश्न कुठून तरी येतोच. दुकानाची पाटी, बसवरचा बोर्ड, शाळेची खोली, वाचनालयातली पुस्तकं, सगळ्याला तो चिकटलेला आहे. मी वडगावात लहानाची मोठी झाले ती हेच ऐकत. राहुल द्रविडबद्दल मात्र हा प्रश्न मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. घरात मराठी बोलणारा, जन्म इंदूरचा, वाढला बंगळूरला, खेळला कर्नाटककडून. रणजीत तो पहिल्यांदा उतरला 1991 च्या फेब्रुवारीत, पुण्यात, आणि समोर संघ होता महाराष्ट्राचा! त्या सामन्यात त्याने 82 धावा केल्या. आमच्या आप्पांना ही गोष्ट इतकी आवडायची की घरी आलेल्या पाहुण्याला चहाबरोबर ती ऐकावीच लागे. पाहुणा चंदगडचा असो की बैलहोंगलचा, ऐकून खूशच व्हायचा.

आप्पांचे चार माग होते. तेव्हा वडगावात गल्लीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत मागांचा खडखडाट दिवसभर चालायचा. त्यात रेडिओ ऐकायचा म्हणजे तो कानालाच लावावा लागे. धोटा इकडून तिकडे पळतोय, आई उंबऱ्याशी बसून कांड्या भरतेय आणि आप्पा एका हाताने रेडिओ कानाशी धरून दुसऱ्या हाताने तुटलेला धागा शोधतायत, हे चित्र मी शाळेत असल्यापासून बघितलेलं. 1996 च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर सौरव गांगुलीने पहिल्याच कसोटीत 131 केल्या आणि सातव्या क्रमांकावर आलेला द्रविड 95 वर बाद झाला, तेव्हा आप्पांनी माग बंद केला आणि म्हणाले, "पाच राहिल्या गं बाळ." त्या पाच धावांची हळहळ मला शतकापेक्षा जास्त लक्षात राहिली. मी त्याची झाले ती तिथपासून.

हिशेबाच्या जुन्या वह्यांमधली कोरी पानं मला मिळायची. लांबट, लाल रेघांची. त्यात मी 'तरुण भारत'मधली त्याची कात्रणं चिकटवायची. डिंक विकत आणायची गरज नव्हती, सुताला द्यायची खळ घरात असायचीच. खळीने चिकटवलेला कागद वाळला की पापडासारखा कडक होतो आणि पान उलटताना कुरकुर वाजतं. ती वही अजून माझ्याकडे आहे. काही कात्रणांवर झुरळांनी ताव मारलाय, पण टाँटनचं पान शाबूत आहे. 1999 च्या विश्वचषकात श्रीलंकेविरुद्ध गांगुलीच्या 183, द्रविडच्या 145, दोघांची भागीदारी 318. त्या 145 धावा 129 चेंडूंत काढलेल्या होत्या. त्या विश्वचषकात सगळ्यात जास्त धावा त्याच्याच, 461. तरी लोक म्हणत, हा रडतखडत खेळतो. मला ते तेव्हाही सहन होत नव्हतं आणि आजही होत नाही.

त्याच जूनमध्ये मी टिळकवाडीतल्या आमच्या सायन्स कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. वडगावहून नाथ पै सर्कल, गोवावेस करत सायकलने जायचं. पावसाळ्यात रेनकोटाच्या आत जर्नल पोटाशी बांधलेलं. बेळगावचा पाऊस ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, जूनला सुरू झाला की गणपतीपर्यंत कपडे वाळत नाहीत. आमचा पाचजणींचा घोळका होता. त्यातली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण येळ्ळूरची. बसच्या वेळेवर तिचं सगळं आयुष्य बेतलेलं. लेक्चर संपलं की पहिलं घड्याळ बघायची. ती व्ही. व्ही. एस. लक्ष्मणची. म्हणजे नुसती आवडणारी असं नाही, त्याच्या मनगटाबद्दल बोलायला लागली की तिची बस चुकायची. एकजण खानापूरहून रेल्वेने यायची, तिला क्रिकेटातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आमची भांडणं ऐकायला ती डबा घेऊन मध्ये बसायची.

मुलांचा अड्डा लेले मैदानावर. त्यातला एकजण हुबेहूब द्रविडसारखा उभा राहायचा. प्रत्येक चेंडूनंतर स्क्वेअर लेगकडे दोन पावलं जाणार, परत येणार, ग्लोव्हज ओढणार. ग्लोव्हजही एकाच हातात, दुसरा कुणाकडे तरी असायचा. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू तो बॅट वर उचलून सोडून द्यायचा आणि बाकीचे ओरडायचे, "मार की बे, सहाच ओव्हर हाईत!" तो काही मारायचा नाही. आम्ही मुली मैदानाच्या कडेने घरी जाताना मुद्दाम सावकाश चालायचो. तो चेंडू सोडतानाचा त्याचा चेहरा बघायला मला फार आवडायचं. दुसरं काही त्यात नव्हतं, हे आता इतक्या वर्षांनी त्याला कुणी दाखवलं तर दाखवावं.

आता 14 मार्च 2001. बुधवार. आमची प्रॅक्टिकल्स तोंडावर आलेली, लॅबमध्ये रिव्हिजन चाललेली. स्टीव्ह वॉची ऑस्ट्रेलिया सलग 16 कसोटी जिंकून आलेली होती. कोलकात्यात त्यांनी 445 केल्या, आपण 171 वर गडगडलो आणि फॉलोऑन मिळाला. पहिल्या डावात तिसऱ्या क्रमांकावर आलेल्या द्रविडच्या 25, सहाव्यावर आलेल्या लक्ष्मणच्या 59. दुसऱ्या डावात दोघांची अदलाबदल झाली. लक्ष्मण तिसरा, द्रविड सहावा. मला ते फार लागलं होतं. ज्या जागेसाठी माणूस वर्षानुवर्षं झिजला, तिथून भर मालिकेत त्याला खाली सरकवलेलं. गांगुली बाद झाला तेव्हा धावफलक 4 बाद 232, आणि डावाने हरायचं टाळायलाच अजून 42 हवेत. अशा वेळी तो आत गेला. मंगळवारी खेळ थांबला तेव्हा लक्ष्मण 109 वर, हा 7 वर.

आमच्या केमिस्ट्री लॅबला लागून एक स्टोअर रूम होती. तिथं लॅबचे मामा बसायचे. ॲसिडच्या बाटल्यांच्या मागे त्यांचा ट्रान्झिस्टर. आवाज इतका बारीक की दारात उभं राहिलं तरी नुसती खरखर ऐकू यावी. मामा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन प्रत्येक टेबलापाशी यायचे आणि बाटली भरता भरता ओठ न हलवता स्कोर सांगायचे. त्या सकाळी अकराला मी ब्युरेट भरत होते. पोटॅशियम परमँगनेट, गडद जांभळं. खाली फ्लास्कमध्ये गरम ऑक्झॅलिक ॲसिड. मामा आले.

"मामा, गेला काय कोण?"

"नाही. तेच दोघं खेळायल्यात."

बाराला परत तेच. एकला परत तेच. जेवणाच्या सुट्टीत येळ्ळूरवालीने डबासुद्धा उघडला नाही, उघडला तर विकेट जाईल म्हणून. दुपारी दुसऱ्या बॅचच्या मुलांनी किप्सचं उपकरण सुरू केलेलं, सगळ्या पॅसेजमध्ये सडक्या अंड्यांचा वास, आणि त्या वासात आम्ही स्टोअर रूमच्या दाराशी घुटमळतोय. मामा आतूनच हात वर करून दोन बोटं दाखवायचे. तेच दोघं. तीननंतर त्यांनी धावा सांगणंच सोडलं. आमच्या मॅडम फार कडक, लॅबमध्ये हसलेलं चालायचं नाही त्यांना. त्या आपल्या टेबलावरून उठल्या, स्टोअर रूमपर्यंत आल्या, आम्ही सगळ्या गार. त्यांनी आत डोकावून विचारलं, "द्रविडचं शतक झालं का हो?" झालं होतं. मॅडम "बरं" म्हणाल्या आणि परत जाऊन जर्नलं तपासायला लागल्या. आम्ही एकमेकींचे हात इतके घट्ट धरले होते की खानापूरवालीच्या बांगडीचा वळ माझ्या मनगटावर उठला.

संध्याकाळी शेजारच्या काकूंकडे बातम्यांत पाहिलं. एरवी शतक झालं तरी बॅट जेमतेम खांद्यापर्यंत नेणारा हा माणूस, त्याने त्या दिवशी बॅट प्रेस बॉक्सकडे रोखली होती. त्याचा तसला चेहरा मी आधी पाहिलेला नव्हता. आप्पा म्हणाले, "दुखलंय त्याला." मला वाटतं आप्पांचं बरोबर होतं. दिवसभरात 335 धावा झाल्या होत्या आणि एकही गडी बाद झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी लक्ष्मण 281 वर गेला, द्रविड 180 वर धावबाद झाला. भागीदारी 376. गांगुलीने 7 बाद 657 वर डाव सोडला.

गुरुवारी दुपारी कॉलेज कॉलेज राहिलंच नाही. चहापानानंतर हरभजन आणि सचिन दोघांनी मिळून त्यांना गुंडाळायला घेतलं आणि गोवावेसजवळ टीव्हीच्या एका दुकानासमोर एवढी गर्दी जमली की रस्ता बंद. आम्ही मुली समोरच्या फुटपाथवर, टाचा उंच करून. मध्ये एक हातगाडीवाला, त्याच्या गाडीवर चढून दोन पोरं बघतायत आणि तो त्यांना उतर म्हणायच्या ऐवजी त्यांनाच स्कोर विचारतोय. कुणी मराठीत ओरडत होतं, कुणी कन्नडमध्ये, उर्दूही होती. शेवटी मॅकग्रा पायचीत झाला. 171 धावांनी विजय. येळ्ळूरची बस कधीच निघून गेली होती. तिला मी सायकलवर डबलसीट घेऊन वडगावला आणलं, तिच्या घरी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप दिला, आणि रात्री आम्ही दोघी माडीवर भांडत झोपलो. तिचं म्हणणं, 281 पुढे 180 काय. माझं म्हणणं वेगळं होतं. लक्ष्मणला त्या दिवशी सगळं जमत होतं, शेन वॉर्नला तो खड्ड्यातून वळणाऱ्या चेंडूवर पुढे येऊन मिडविकेटला मारत होता. द्रविडला पहिल्या तासात काहीच जमत नव्हतं. न जमणाऱ्या दिवशी जमेपर्यंत उभं राहणं, 353 चेंडू उभं राहणं, हे मला जास्त मोठं वाटलं. तेव्हा मी वीसची होते. आता माझी मुलगी त्या वयाला येत चाललीय, आणि माझं मत तेच आहे.

बी.एस्सी. नंतर मी एम.एस्सी.ला धारवाडला गेले, कर्नाटक विद्यापीठात. घर सोडून पहिल्यांदाच. हॉस्टेलवर रूममेट गदगची. तिला मराठी येत नव्हतं, माझं कन्नड गल्लीतलं, भाजीबाजारापुरतं. पहिले काही आठवडे आम्ही जपून बोलायचो. ती बेळगावचा विषय काढायची नाही, मीही नाही. मग एका रात्री तिने कपाटाचं दार उघडलं तर आत द्रविडचा फोटो! मी माझी वही काढली. तिने एकेक पान उलटलं, खाली मराठीत काय लिहिलंय ते मला विचारलं, आणि मी मोडक्या कन्नडमध्ये सांगत गेले. माझं कन्नड खऱ्या अर्थाने त्या वहीवर सुधारलं.

डिसेंबर 2003, ॲडलेड. धारवाडची थंडी, पहाटे सहाला टीव्ही रूममध्ये चादरी पांघरून आम्ही बसलेल्या. ऑस्ट्रेलियाच्या 556, पाँटिंगच्या 242. आपले 85 वर चार गेले. आणि परत, देवा शपथ, तेच दोघं! 303 ची भागीदारी, लक्ष्मण 148, द्रविड 233. त्याचं शतक पुरं झालं ते गिलेस्पीला हुक करून मारलेल्या षटकारावर. हुक! ज्याला लोक नुसता अडवणारा म्हणत होते त्याचा. मग आगरकरने सहा बळी घेतले, त्यांचा डाव 196 वर आटोपला, आपल्याला हव्या होत्या 230. शेवटच्या दिवशी द्रविड नाबाद 72 राहिला. मॅकगिलला कट मारून त्याने चौकार घेतला, हात वर केले आणि टोपीवरच्या बोधचिन्हाचं चुंबन घेतलं. रूममेट "गेद्दिवी!" म्हणजे जिंकलो, म्हणून ओरडली आणि मला कडकडून मिठी मारली. ऑस्ट्रेलियात आपण त्याआधी जिंकलो होतो ते 1981 साली, मेलबर्नला. आम्ही दोघी तेव्हा जेमतेम जन्मलेल्या. मेसच्या अक्कांनी त्या दिवशी जेवणात न सांगता मिरची भजी तळली.

हे सगळं लिहिताना मला सारखं वाटतंय की मी धावांबद्दलच बोलतेय. त्याच्या 164 कसोटी, 13,288 धावा, 36 शतकं हे कुठेही सापडेल. मला त्याचं जे सगळ्यात आवडतं ते आकड्यांत येत नाही. 2011 च्या इंग्लंड दौऱ्यात आपला संघ चारही कसोट्या हरला, आणि त्या पडझडीत ह्याने तीन शतकं केली. ओव्हलवर सलामीला गेला आणि सगळे बाद झाले तरी 146 वर नाबाद राहिला. त्याच दौऱ्यात एजबॅस्टनला अँडरसनच्या चेंडूवर पंचांनी त्याला झेलबाद दिलं. दाद मागायची सोय होती. त्याला स्वतःला काहीतरी लागल्याचा आवाज आला होता, म्हणून तो निघून गेला. नंतर रिप्लेत दिसलं की बॅट लागली होती ती बुटाच्या नाडीच्या प्लास्टिकच्या टोकाला. मी हा प्रसंग माझ्या पीयूच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना दरवर्षी सांगते. प्रॅक्टिकलमध्ये रीडिंग बघून मागून आकडे जुळवणाऱ्यांना तर नक्कीच.

त्याची आई आर्किटेक्चरची प्राध्यापिका. कदाचित म्हणून असेल, शिक्षणाबद्दल त्याला मनापासून आदर आहे असं मला कायम जाणवलं. 2017 मध्ये बंगळूर विद्यापीठाने मानद डॉक्टरेट देऊ केली तर त्याने नम्रपणे नाकारली, खेळाच्या क्षेत्रात संशोधन करून ती कमवायची आपली इच्छा आहे असं कळवलं. पुढच्याच वर्षी त्याच्या हाताखाली 19 वर्षांखालच्या मुलांनी विश्वचषक जिंकला. त्याला 50 लाख आणि बाकीच्या सहाय्यकांना 20 लाख जाहीर झाले, तर त्याने सगळ्यांना सारखेच द्यायला लावले. शेवटी प्रत्येकाला 25 मिळाले. मागावर काम करणाऱ्या घरात वाढलेल्या मला यातलं मोल लगेच कळतं. आप्पांनी सणाला बोनस वाटताना कांड्या भरणाऱ्या बायकांचं पाकीट कधी हलकं केलं नाही.

9 मार्च 2012 ला त्याने बंगळूरला चिन्नास्वामीवर पत्रकारांना बोलावून निवृत्ती सांगितली. निरोपाचा सामना नाही, मैदानाला फेरी नाही. आधीच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तो परत परत त्रिफळाचीत झाला होता आणि ते बघवत नव्हतं. मी स्टाफरूममध्ये होते. येळ्ळूरवालीचा पुण्याहून फोन आला. ती काहीच बोलली नाही, मीही नाही, मग ती म्हणाली, "जेवलीस काय?" त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लक्ष्मणही थांबला, तेव्हा हाच प्रश्न मी तिला विचारला.

29 जून 2024 ची रात्र. आप्पा आता 82 चे. माग केव्हाच विकले, जिथे माग होते तिथे भाडेकरू आहेत. पण ते जागे होते. बार्बाडोसला आपण टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलो. द्रविड संघाचा प्रशिक्षक होता. 2007 मध्ये ह्याच वेस्ट इंडिजमध्ये कर्णधार म्हणून त्याला पहिल्या फेरीतच बाहेर पडावं लागलं होतं. विराटने करंडक आणून त्याच्या हातात दिला आणि द्रविडने जी आरोळी ठोकली! सगळा संघ त्याच्याभोवती उड्या मारतोय, आणि हा गळ्याच्या शिरा ताणून ओरडतोय. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर त्या रात्री इतके मेसेज पडले की फोन गरम झाला. गदगच्या रूममेटने व्हिडिओ कॉल केला, मागे तिचा नवरा आणि मुलं नाचत होती. आप्पांनी तिच्याशी कन्नडमध्ये गप्पा मारल्या, पुण्याच्या त्या 82 धावांची गोष्ट सांगितली. तिने ती माझ्याकडून आधीच ऐकलेली होती, तरी पहिल्यांदाच ऐकतेय अशी ऐकली.

येत्या डिसेंबरात आमच्या बॅचचं गेट-टुगेदर ठरलंय. खानापूरवाली कुंदा आणणार, पुण्याहून येळ्ळूरवाली येणार. लॅबचे मामा निवृत्त होऊन अनगोळला मुलाकडे असतात, त्यांना आणायला गाडी पाठवायची आहे. 281 की 180 हे भांडण तिथे पुन्हा होणार हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून जेवणाआधीचा एक तास मोकळा ठेवलाय. मी वही घेऊन जाणार. येळ्ळूरवालीने परवाच कळवलंय की ती लॅपटॉपवर अख्खी भागीदारी घेऊन येतेय.